आधी भाग, मग शून्य

शाले, भाकरी झाकून ठेवलेय, ती घे नि बस. गोष्ट सांगतो.

एक महिपत होता, तुझाच बाप. परवा कल्याणला दादांकडे जेवायला गेला. थोरल्या भावानं डोळे वटारले नि हा "मार्गशीर्षात शालूचं लग्न उरकू" म्हणून मान हलवून आला. तुझी परीक्षा चैत्रात. तेव्हापासून टोपलीखालच्या कोंबड्यासारखा बसलेला. तुला सांगवेना, दादांना नाही म्हणवेना.

काल जेवताना तू शेजारच्या रतनला गणित सांगत होतीस. "फंक्शन म्हणजे गिरणी गं. ही गिरणी वर्ग करते. एक्स अधिक एच घाल, काय निघतं बघ. त्यातून नुसत्या एक्सचं वजा कर, एचनं भाग. शेवटी एच शून्य."

महिपत मधेच बोलला, "शून्यच करायचाय तर आधीच करा की! कटकट मिटली."

"बाबा, आधीच केलात तर वर शून्य, खाली शून्य. हाती काय लागणार, कपाळ? आधी भागून घ्या, मग शून्य करा. दोन एक्स उरतात."

तुम्ही दोघी फिदीफिदी हसलात. महिपतच्या मात्र ध्यानात आलं. त्यानं पोरीचं आधीच शून्य केलेलं.

तर मी कल्याणला चाललोय. आधी परीक्षा, मग लग्नाचं बोलू, असं सांगायला. पण दादांसमोर माझं तोंड उघडत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून संध्याकाळी मी आलो की पाणी नंतर दे, आधी दारातच विचार, "बाबा, भागून आलात का?"