अडचण आर भाषेतली

शनिवार, दि. १२

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, सोबतची फाइलही. मी बरा आहे, गुडघा बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. चौकशीचा विषय इथेच संपला.

तुझ्या ऑफिसातल्या कामाच्या तासांची सरासरी 'आर' या संगणकाच्या भाषेत निघत नाही म्हणतेस. या आरबाईंनी पडद्यावर लाल अक्षरांत डोळे वटारले, की आधी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत वाचावं. निम्मे लोक घाबरून खिडकीच बंद करतात. मग रकाना खरंच आकड्यांचा आहे का, ते तपास. कोणीतरी एका चौकटीत 'रजा' असं लिहून ठेवतो आणि सगळा रकाना अक्षरांचा होऊन बसतो. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तसंच.

अख्ख्या फाइलशी कुस्ती खेळू नकोस. चार ओळी वेगळ्या काढून त्यांच्यावर करून बघ. तरी नडलं तर सगळं बंद कर आणि पहिल्या ओळीपासून नव्यानं चालव. आदल्या दिवशीचं काहीबाही यंत्राच्या आठवणीत उरलेलं असतं, त्याच्या जिवावर चुकीचा प्रोग्रामही खुशाल चालतो.

आमच्या जलमापन खात्यात तू शाळेतून थेट माझ्या खोलीत यायचीस. दप्तर प्रिंटरवर टाकून पडद्याला नाक लावायचीस आणि ओरडायचीस, "बाबा, कंस मिटला नाही!" शेजारचे साहेब दचकायचे. काय दिवस होते गं ते!

सगळ्यात मोठी युक्ती मात्र तुझ्या आईची. निवृत्तीनंतर घरी काम करताना कुठे अडलं, की मी तिला मोठ्यानं सांगायचो. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मटार सोलता सोलता ती म्हणायची, "थांबा, हे मधेच कुठून आलं?" आणि सांगताना चूक मलाच दिसायची. ती गेल्यापासून मी संगणकावरचं कापडसुद्धा काढलं नव्हतं.

बबडे, बापाला शेंडी लावतेस? ही अडचण तू पहिल्या नोकरीतच चुटकीसरशी सोडवली होतीस, आता तर हाताखालच्यांना शिकवतेस. पत्र वाचतानाच ओळखलं. तुला मला टेबलाशी बसवायचं होतं.

बसलो. काल कापड काढलं, तुझी फाइल चालवली. 'रजा' सापडली, मुद्दाम पेरल्यासारखी! हुरूप आला म्हणून माझं नदीच्या पातळीचं अर्धवट काम उघडलं, आणि तिथे मी खरोखरच अडलो. सवयीनं वळून "अगं, हे बघ" म्हणालो. मग खूप रडलो. हे तुला लिहिणार नव्हतो.

फाइल मी बंद केलेली नाही. तुला उत्तर लगेच सुचेल, पण सांगू नकोस. फोन कर, आणि तुला यातलं काहीच कळत नाही असं समजून माझं ऐकून घे.

अडून बसलेला,
तुझा बाबा