बादलीवाला फ्लोरियन

प्रिय आजोबा,

ओमाहात आत्याच्या हातचं पचपचीत सूप पिऊन कंटाळला असाल, म्हणून खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवतेय. खालून जरा जळलेत, पण त्यात चूक ओव्हनची आहे हं!

काल मी आपल्या चर्चमध्ये जाऊन आले. बंद होऊन तिसरं वर्ष, तरी आत मेणबत्त्यांचा वास तसाच आहे. किल्ली एमिल ह्रुश्कांकडे असते. हो, तेच एमिल. प्लीज, पत्र फेकू नका, पुढे वाचा.

मी कॉलेजसाठी आपल्या पॅरिशचा इतिहास लिहितेय ना, म्हणून फ्लोरियनची गोष्ट मला त्यांच्याही तोंडून ऐकायची होती. तुम्ही सांगता तशीच सांगितली त्यांनी. बोहेमियाहून आलेल्या आपल्या लोकांनी तिकडून शेतकऱ्यांच्या संत इसिडोरचा पुतळा मागवला, आणि पेटीतून निघाला आगीचा संत फ्लोरियन, हातात बादली, पायाशी जळतं घर! सगळ्यांची तोंडं पडली. तेव्हा तुमची पणजी म्हणाली, अरे, बादली आहे ना त्याच्याकडे, मग पाऊसही पाडेल की! तेव्हापासून दर मे महिन्यात त्याला पालखीसारखं उचलून शेतांतून फिरवायचं. पुढे आपल्या घरचा माणूस, मागे ह्रुश्कांचा.

एमिल आजोबा म्हणाले, तुझा म्हातारा पुढे असा सुटायचा की जसा काही पाऊस गाठायलाच निघालाय. एकदा मी चरात पडलो, तर हा मागे वळून आधी फ्लोरियनलाच विचारतो, लागलं का रे बाबा? मी इतकी हसले! तेही हसले.

मग मी सरळच विचारलं, की बिशपच्या माणसासमोर तुम्ही चर्च बंद करायला हात का वर केलात? माझे आजोबा त्या दिवशी बाकावरून उठून गेले, ते तुमच्याशी अजून बोललेले नाहीत. एमिल आजोबा फ्लोरियनची बादली पुसत बसले. म्हणाले, छप्पर गळत होतं, फादर तीन गावं करून धापा टाकत यायचे, आणि बाकांवर आम्ही चार म्हातारे. चर्च गेलंच होतं, पोरी. मी फक्त त्याचे डोळे मिटले.

फ्लोरियनच्या दिवशी चर्च वर्षातून एकदा उघडतात, पण बंद झाल्यापासून मिरवणूक निघालेलीच नाही. मला वाटायचं, माणसं नाहीत म्हणून. काल मी उत्साहानं म्हटलं, यंदा पुढून मी धरते! दांड्याला हात लावला, तर एमिल आजोबा केवढ्यानं ओरडले. सोड ते, ती जागा भरलेली आहे.

त्यांचे गुडघे गेलेत, आजोबा. पुढच्या वर्षी उचलणं जमणार नाही म्हणतात. तुम्हाला लिही असं त्यांनी मला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाहीत. म्हणून मीच लिहितेय. रविवारी फ्लोरियनचा दिवस, सकाळीच गाडी घेऊन येते. काळे बूट पुसून ठेवा. आणि या वेळी जरा हळू चाला.

तुमचीच आगाऊ,
लिडा