अदलाबदल

चिंचवड, डिसेंबर १९८१

सुहासिनीवहिनी,

कारखान्यात मला आडमुठा म्हणतात, कारण मी कुणाशीच शिफ्ट बदलत नाही. आता थकलोय, म्हणून कारण लिहितो.

एकाहत्तरच्या लढाईत त्या सकाळी मशीनगनवर ड्यूटी माझी होती. मला ताप होता. नंदकिशोर म्हणाला, "पड राव, मी बसतो." तेवढ्यात हल्ला झाला. आम्ही अकरा जण मागे निघेपर्यंत तो एकटा गोळ्या झाडत राहिला आणि तिथेच पडला. तुम्हाला मी तुमच्या नवऱ्याचं शौर्य सांगितलं, ती ड्यूटी माझी होती हे नाही.

काल तुमच्या गुरुदत्तने विचारलं, "काका, उद्या माझी शिफ्ट कराल? आईला आळंदीला न्यायचंय."

पहिल्यांदाच हो म्हणालो.

उद्या तो तुमचा निरोप आणेल, "काकांचे फार उपकार झाले." तो ऐकून घेईन आणि हे पत्र न पाठवता ट्रंकेत ठेवीन.

मधुसूदन