खालच्या मजल्यावरचं बाळसं

३ नोव्हेंबर
आज करंजाड्यात राहायला आलो. खोली दुसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर. देव पूर्वेच्या भिंतीला मांडले. जासईच्या कंटेनर यार्डात गेटवर काम मिळालंय. लग्नानंतर एकोणीस वर्षांनी झालेलं आमचं चार महिन्यांचं बाळ नव्या भिंतींकडे टकामका बघत होतं. सुनीता त्याला पाजताना गुणगुणत होती. देवानं उशिरा दिलं, पण दिलं.

९ नोव्हेंबर
खाली घरमालक कमळाकरशेठ राहतात. त्यांचा नातू आमच्याच बाळाएवढा, पण केवढा गुबगुबीत. शेठची आई सोनाबाई सुनीताला म्हणाल्या, तुमी याला उपाशी ठेवता का गो, आमचा बघ, डब्याच्या दुधावर लोण्याचा गोला झालाय. सुनीता हसली. मला हसू आलं नाही.

१४ नोव्हेंबर
लस द्यायला नेलं तेव्हा नर्स म्हणाली, वजन अगदी योग्य आहे, अंगावरचंच पाजा. ऐकलं. पण जिन्यात शेठचा नातू दिसला की वळून वळून बघतो. जप करतानाही त्याचेच गाल डोळ्यांपुढे येतात.

१६ नोव्हेंबर
पळस्प्याच्या दुकानातून शेठच्या नातवाचाच तो दुधाचा डबा आणला. स्वस्त आहे. सुनीता नको म्हणत होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो.

२० डिसेंबर
बाळाचे गाल भरले. रडतही नाही, गप पडून असतं. सुनीताचं दूध आटलं, पण आता लागतंय कशाला. मुद्दाम त्याला मिरवत खाली नेलं. शेठचा नातू आजारी आहे म्हणाले, बाहेर आणला नाही.

२७ डिसेंबर
शेठच्या नातवाला इस्पितळात नेलं. सोनाबाई म्हणतात, दृष्ट लागली. जिनाभर जळक्या मिरच्यांचा वास. ती दृष्ट माझीच. देवापुढे नाक घासलं.

२९ डिसेंबर
नातू पहाटे गेला. कमळाकरशेठ पायरीवर बसले होते. दृष्ट नव्हती म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं, त्या डब्यात दूध नावाला, बाकी साखर नि पिठी. ते बाळसं नव्हतं, सूज होती. बोट दाबलं की खळगा पडायचा, भरायचाच नाही—

दुपारी
इस्पितळात जायला रिक्षा बोलावलीय. बाळाला बोट लावायचा मला धीर नाही. सुनीताला अजून सांगितलं नाही— कसं सांगू, मीच—
बाहेर न्यायचंय, म्हणून ती त्याच्या गालाला तीट लावतेय. कुणाची नजर नको, म्हणते.
तिनं बोट उचललं. गालावर—