थोरलीची राहिलेली पानं

अब्बा, माझ्या कादंबरीचा सातवा भाग गेल्या आठवड्यात आला. शेवटचा. सकाळपासून खराडीच्या ऑफिसात काम बाजूला ठेवून वाचकांचे मेसेज वाचतेय आणि चित्त थाऱ्यावर नाही. युद्ध आवडलंय, राज्याभिषेक आवडलाय, राक्षसालासुद्धा लोकांनी माफ केलंय. पण जो तो विचारतो, थोरलीचं काय झालं? धाकट्या राजकन्येला पळता यावं म्हणून जी स्वतः राक्षसाकडे ओलीस राहिली, तिच्या वाट्याला शेवटी एक ओळ आली: थोरली किल्ल्यातच राहिली.

हे पहिल्यांदा तुम्ही विचारलं होतं. दुसरा भाग आपल्याच दुकानात बाइंडिंगला आला होता आणि फर्मे दुमडता दुमडता तुम्ही तो वाचत होता, सोळा सोळा पानं. एका दुपारी तुम्ही शिलाई थांबवली, सगळी थप्पी पुन्हा मोजायला लावली आणि एक फर्मा कमी पाठवला म्हणून छापखानेवाल्याला फोनवर झापलंत. पानांचे आकडे बरोबर होते, तरी तुमचा विश्वास बसेना. मग खळीने माखलेल्या हातांनी माझ्याकडे आलात. घरी आपण हिंदीत बोलायचो, पण पुस्तकाचं बोलणं मराठीतच. "बेटा, ही पोरगी इथे दारात उभी आहे आणि पुढच्या पानावर नाही. अशी कशी जाईल?" मी फणकाऱ्याने म्हटलं, ते मुद्दाम आहे, शेवटी येणार आहे ती. "मग ठीक. थांबतो," म्हणालात आणि शिलाई सुरू केलीत. तिसऱ्या भागापर्यंतही तुम्हाला थांबता आलं नाही, त्याआधीच गेलात. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून खरं लिहिते, मुद्दाम काही नव्हतं. धाकटीच्या मागे धावताना मी तिला विसरले होते.

तेव्हा तुमची थोरली लेक, आपली आपा, तुमच्या शेजारीच बसून फर्मे दुमडत होती. मी शिकावं म्हणून नववीत शाळा सोडलेली. थोरलीला परत आणायच्या जागा मला पुढे दिसत होत्या, अब्बा. किल्ला पडतो तेव्हा ती बाहेर येऊ शकली असती. बहिणीला ओळख न दाखवता निघून गेली असती. नाहीतर भर दरबारात विचारलं असतं, मला न्यायला कुणीच कसं आलं नाही? प्रत्येक वेळी मी तिथून पळ काढला, कारण तो राग लिहायचा तर आधी आपाचा ऐकावा लागला असता. मला लाज वाटते याची.

रविवारी आपा माझ्याकडे कोथरूडला आली, पुस्तक संपवून. तक्रार काही केली नाही. चहा पिता पिता एवढंच म्हणाली, "ती चिडली असेल ना गं?" आणि माझ्या तोंडून खोटं निघून गेलं. म्हटलं, तिच्यावर चांगली चाळीस पानं लिहिली होती, प्रकाशकांनी कापली. आपाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "मग ती मला दे," म्हणाली. "मी शुक्रवारी न्यायला येते."

मी हो म्हटलंय, अब्बा. उद्या शुक्रवार आहे आणि मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.