भिंगरीच्या पाठीवर मशीन

प्रिय ठमे,

मंगळवार, चौदा ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तू भिंगरीला माझ्या दारात सोडलंस, चहाही न घेता गेलीस, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नुसती मखमल. कुणीतरी तिला मशीन लावलं होतं. तक्रारीत आधी तारीख, मग वेळ आणि राग सगळ्यात शेवटी, असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं. तारीख आणि वेळ सांगून झाली.

टेरियर कुत्र्याचे राठ केस कापायचे नसतात, उपटायचे असतात, हे तुला मी सांगायला नको. बोटांना खडूची पूड लावायची, मेलेला केस चिमटीत धरायचा आणि तो वाढतो त्याच बाजूला ओढायचा. तिला दुखत नाही, उलट डोळे मिटून बसते. मशीन लावलं की खालचा कापूस तेवढा उरतो आणि तांबूस रंग धुऊन काढल्यासारखा उडतो. तू शाळेत असताना आपण दोघी मागच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून हिच्या आधीच्या कुत्र्याचे केस उपटायचो. तू शेपटीकडून, मी मानेकडून, आणि मध्ये कुठेतरी आपले हात एकमेकांवर आपटायचे. हे जिला माहीत आहे ती मशीन लावणार नाही. म्हणजे माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी भिंगरी तुझ्याकडे नव्हतीच. सबंध नोकरी विम्याचे खोटे दावे पकडण्यात गेलेल्या बाईला एवढं कळायला चष्मा लागत नाही.

शंका मला आधीच आली होती. तू रोज फोनवर सांगायचीस, अगं, ती मजेत आहे, सोफ्यावर लोळतेय. एकदा बोलता बोलता तुझ्या दाराची बेल वाजली आणि पलीकडे सगळं शांत. बेल वाजल्यावर गप्प बसणारी टेरियर मला अजून भेटायची आहे. पट्टी माझ्या डोळ्यावर होती, कानांवर नव्हती. तरी मी गप्प बसले, कारण रोज फोन करत होतीस आणि मला ते आवडत होतं.

डोळा आता चांगला आहे. इतका चांगला की घरातली धूळ दिसायला लागली आहे. भिंगरीने आल्या आल्या दोन कुंड्या उकरल्या, कपाटामागच्या उंदरासाठी इस्त्रीचं टेबल पाडलं आणि पेपरवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. म्हणजे स्वभावाला मशीन लागलेलं नाही. फक्त संध्याकाळी ती दाराशी बसून कुरकुरायला लागली. नेहमीचं फिरणं झालं तरी कुरकुर थांबेना.

म्हणून गुरुवारी मी पट्टा सैल सोडला आणि म्हटलं, चल बाई, तूच ने. ती बागेकडे वळलीच नाही. दोन गल्ल्या ओलांडून दातांच्या डॉक्टरांच्या फाटकातून आत गेली आणि पायरीवर अशी बसली की जणू किल्ली विसरली आहे. डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं. आत भिंगरीचा बिछाना, भिंगरीचा वाडगा, चावून चिंध्या केलेला चेंडू. बाई चांगली आहे, तेच जास्त लागलं. मशीन तिनेच लावून आणलं होतं, हौसेने. माझा चेहरा बघून ती गोंधळली. "अहो, मुलीने सांगितलं नाही तुम्हाला? महिनाअखेरीला भिंगरी कायमची आमच्याकडे येणार ना?"

मी म्हटलं, हो, हो, माझ्या ध्यानातच नाही राहिलं. भिंगरीचं बिस्कीट खाऊन होईपर्यंत दारात उभी राहिले आणि तिला घेऊन घरी आले.

ठमे, तीन दिवस मी केसांच्याच रागात होते. मग आज सकाळी डोळ्यात थेंब घालताना बाकीचं जुळलं. एप्रिलमध्ये हिच्या पट्ट्यात पाय अडकून मी जिन्यात पडले, तेव्हापासून तू घरात शिरलीस की आधी माझे पाय बघतेस आणि मग भिंती. मागच्या महिन्यात सगळ्या खोल्यांची मापं घेतलीस, पडद्यांसाठी म्हणालीस. पडदे आले नाहीत. कुत्र्याची सोय लागली, म्हणजे माझीही कुठेतरी लागलेली असणार, आणि त्या ठिकाणी कुत्रं चालत नसणार. म्हणून हे पत्र. ते ठिकाण कुठलं, ते बघून आलीस का, आणि मला विचारायचं तू कधी ठरवलं होतंस, एवढंच लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू आई म्हणतेस आणि मी सगळ्याला हो म्हणून बसते. शनिवारी, पंचवीस ऑक्टोबरला, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

तुझीच, अजून याच पत्त्यावर राहणारी,
आई