तुझी लुगडी पेटीत ठेवली तेव्हा

आई, आज दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते, तर भिंतीवर एक तक्ता दिसला. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून काय काय करावं, ते लिहिलेलं. फरशी कोरडी ठेवा, उजेड असू द्या, पायात येईल असं काही नेसू नका. वाचता वाचता मला हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. यातलं शेवटचं मी कुणी न सांगता तेव्हाच केलं होतं.

भांडुपच्या टेकडीवरची आपली खोली आठवते. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. खाली नाक्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, एक उंच तर एक बुटकी, आणि त्यांच्यावरून दिवसभर वाहणारं साबणाचं पाणी. तू रोज सकाळी पिशवी घेऊन मासे आणायला उतरायचीस. बांगड्याचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय पैसे काढायची नाहीस, आणि कोळीण खेकसायची, "ए म्हातारे, घ्यायचा तर घे ना, त्याचं लगीन लावतेस काय?" त्या भांडणासाठीच तू जायचीस, हे मला ठाऊक होतं. मग एके दिवशी लुगड्याचा सोगा पायात आला आणि तू पाच पायऱ्या घसरलीस. हात मोडला. डॉक्टर म्हणाले, या वेळी हातावर निभावलं, पुढच्या वेळी खुबा जाईल. मी महिनाभर रजा काढून तुला न्हाऊ घातलं, भरवलं. अंधेरीच्या कारखान्यात परत गेले तर साहेबांनी बजावलं, "पुन्हा एवढी रजा घेतलीस तर येऊच नकोस." घरात कमावणारी मी एकटी.

म्हणून मी तुझी सगळी लुगडी पेटीत घातली, कुलूप लावलं आणि तुझ्यासाठी दोन गाऊन शिवून आणले, घोट्याच्या वर येतील असे. एका हातानं कासोटा घालता येत नव्हता, म्हणून तू निमूट घातलेस. पण हात बरा झाला तरी मी पेटी उघडली नाही. "ह्या घालून मी भायर कशी जातलंय गो?" तू विचारलंस. मी फटकन म्हटलं, "मग जाऊ नकोस ना! कोण सांगतंय तुला?" दाराला बाहेरून कडी घालायची मला गरजच पडली नाही. लुगड्याशिवाय तू उंबरा ओलांडणार नाहीस, यावरच माझी सगळी भिस्त होती.

एका रविवारी ती कोळीण टोपली घेऊन, धापा टाकत वर येते. "म्हातारी कुठाय? मेली की काय?" दारातूनच ओरडते. तू पडद्याआड सरकतेस, भिंतीला पाठ लावून उभी राहतेस आणि मला हातानं खुणावतेस, झोपलीय म्हणून सांग. मी सांगते. ती कागदात बांधून दोन बांगडे देते आणि पैसे न घेताच उतरते. तू ते कल्ले न बघताच साफ केलेस. मला तेव्हाच किल्ली काढून द्यायला हवी होती. नाही दिली.

त्यानंतर तू दोन वर्षं होतीस. कॉटवरून मोरीत, मोरीतून कॉटवर. पडली मात्र नाहीस. शेजारणी म्हणायच्या, पोरीनं आईला किती जपलं, आणि मी ते ऐकून घ्यायचे. खरं तर त्या खोलीत माझाही जीव गुदमरायचा. कामावरून येताना शेवटच्या वळणावर मी उगाच रेंगाळायचे, कारण तू दाराकडे तोंड करून बसलेली असायचीस.

हे पत्र कुठे पाठवणार? राहील वहीतच. पण एक सांगायचंय. तुला लागेल, दुखेल, याची मला तितकीशी भीती नव्हती. तू अंथरुणाला खिळलीस तर तुझं हगणं-मुतणं मलाच काढावं लागेल आणि माझी नोकरी जाईल, याची होती. तुला मात्र मी रोज सांगायचे, "तुझ्यासाठीच करते गं सगळं." आणि तू मान हलवायचीस, खरं वाटल्यासारखी.